लष्करासाठी हलकी गाडी: जिप्सीनंतर नेमकं काय बघून निवडायची?

आकुर्डी_लोकल

मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयानं साधारण ५००० हलक्या गाड्यांचे करार केले, त्यात फोर्सच्या २९७८ गुरखा आणि बाकी महिंद्राच्या. तेव्हापासून आमच्या इकडे आकुर्डी-चिंचवडला चार गाडीवेडे भेटले की विषय हाच, सफारी भारी का गुरखा, स्कॉर्पिओ का घेतली, जिप्सी का गेली. पण चर्चा फिरून फिरून बीएचपी आणि टॉर्कवर येते आणि तिथेच थांबते, म्हणजे आपण शोरूमला गाडी बघायला जातो त्याच नजरेनं आपण लष्कराची गाडी बघतो आणि मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की पहिला प्रश्न वजनाचा. गाडी स्वतः किती किलोची, उचलते किती, आणि आपण तिच्यावर काय काय लादणार. बाकी सगळं नंतर.

जिप्सीचंच घ्या. १९८५ च्या शेवटी मारुतीनं आणली, सुरुवातीला ९७० सीसी, मग १९९६ ला १३०० सीसीची किंग, चारी बाजूला लीफ स्प्रिंग, खाली शिडीची चासी, वजन एका टनाच्या आसपास. लष्करात ती जीएस ५०० म्हणून होती, म्हणजे जनरल सर्व्हिस, ५०० किलो भार. आता हिशोब करून बघा. चार जवान, बुलेटप्रूफ जॅकेट, हेल्मेट, रायफल, भरलेल्या मॅगझिन, पिठ्ठू हे सगळं धरून माणशी शंभर किलोच्या खाली येतच नाही, चारशे इथेच गेले. दोन भरलेले जेरीकॅन म्हणजे चाळीसेक किलो. रेडिओ सेट, त्याची वेगळी बॅटरी, कॅमोफ्लाज नेट, टो चेन, फावडं, कुदळ, पाणी, दारूगोळा. पाचशे कधी ओलांडले ते कळत पण नाही. नव्वदीच्या सुरुवातीला जिप्सी आली तेव्हा प्रत्येक जवानाच्या अंगावर एवढं सामान नसायचं. गाडी तीच राहिली, माणूस जड झाला.

म्हणून पुढच्या गाडीला अट आली ८०० किलोची, वर हार्डटॉप आणि एसी. सफारी स्टॉर्म आणि स्कॉर्पिओ दोघी चाचणीत होत्या, टाटाला एप्रिल २०१७ मध्ये ३१९२ गाड्यांचं काम मिळालं. आपल्या पिंपरीची गाडी लष्करात गेली याचा मला आनंद झाला आणि आजही आहे. पण ८०० किलो उचलायला ती गाडी स्वतः दोन टनांच्या आसपास गेली, म्हणजे जिप्सीच्या दुप्पट. तीनशे किलो जास्त उचलायला हजार किलो गाडी वाढली. हा सौदा कुठे फायद्याचा आणि कुठे नाही, यावर जाणकारांनी लिहावं. आणि मूळ नागरी गाडीत लष्करासाठी नेमके काय बदल करतात तेही.

(कल्याणी एम ४ किंवा तत्सम मोठी चिलखती वाहनं या धाग्यात नकोत, तो वजनाचाच वेगळा वर्ग आहे.)

चऱ्होली_फाटा

स्कॉर्पिओचं अर्धवट लिहिलंत. २०१७ ला हुकली पण जानेवारी २०२३ मध्ये १४७० स्कॉर्पिओ क्लासिकची ऑर्डर आली आणि त्याच वर्षी जुलैत आणखी १८५० ची. नवीन स्कॉर्पिओ एन बाजारात असताना लष्करानं जुनी बॉडी, जुनी घडण घेतली. माझ्या मते विचार करूनच घेतली असणार, त्या गाडीच्या कमजोर जागा सगळ्यांना माहीत आहेत आणि पार्ट तालुक्याच्या गावात पण मिळतो.

जुना_स्पॅनर

मी ईएमईतून, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलातून रिटायर्ड, आता दिघीला असतो. वरच्या भाऊंनी पार्टचा विषय काढला तो महत्त्वाचा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

युनिटमध्ये गाडीचं कौतुक तिच्या पॉवरवरून होत नाही, व्हीओआरवरून होतं. व्हीओआर म्हणजे व्हेईकल ऑफ रोड, आज परेडला किती गाड्या उभ्या आणि किती चालू. सकाळी सीओ साहेब पहिलं तेच विचारतात. गाडी दोनशे बीएचपीची असली आणि एका सेन्सरसाठी महिना उभी असली तर ती गाडी युनिटच्या हिशोबात नाहीच.

जोंगा आठवते का कोणाला. निसानच्या ‘पॅट्रोल’ नावाच्या मॉडेलवरची, जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत १९६९ पासून बनायची, सहा सिलिंडर, जवळजवळ चार लिटरचं इंजिन. पेट्रोल भरपूर प्यायची ते खरं, पण बॉनेट उघडलं की आत उभं राहून काम करता येईल एवढी जागा, आणि साध्या पान्यांच्या सेटवर सगळं खुलायचं. पोरगा भरती होऊन आला की सहा महिन्यात त्याला जोंगा पाठ. जिप्सीचं वेगळं सुख, ती रुतली तर उतरून सहा जण धक्का मारून, पार उचलूनसुद्धा बाजूला ठेवायचे. दोन टनाच्या गाडीला ते होत नाही, तिला दुसरी गाडी लागते किंवा विंच लागते, आणि पुढच्या पोस्टवर दुसरी गाडी असेलच असं नाही. आकुर्डीवाले साहेब, तुमच्या सौद्याचं उत्तर एका बाजूनं हे.

आता दुसरी अडचण, ती बाहेर कोणी बोलत नाही. जिप्सी होती तेव्हा एकच फिल्टर, एकच क्लच प्लेट, एकच बेल्ट, देशभर तेच. आता स्टॉर्म आहे, स्कॉर्पिओ आहे, गुरखा येतेय, जिप्सी पण अजून पूर्ण गेलेली नाही. प्रत्येकीचं सामान वेगळं, स्पेशल टूल वेगळं, स्कॅनर वेगळा, आणि एलएडीमध्ये, म्हणजे युनिटला जोडलेली आमची छोटी वर्कशॉप असते तिथे, मेकॅनिक तेच पाच-सात. स्टोअरचं खातं जाडजूड होतं आणि नेमका लागणारा पार्ट नसतो. म्हणून गाडी निवडताना तिचं कुटुंब केवढं आहे ते बघावं, तेच इंजिन आणखी कुठल्या लष्करी गाडीत आहे का, तोच टायर दुसऱ्या गाडीला बसतो का. हे कॅटलॉगमध्ये दिसत नाही पण पंधरा वर्षं हेच भोगायचं असतं.

चाचणीत यासाठी वेगळा टप्पाच असतो, मेंटेनेबिलिटी ट्रायल. गाडी पूर्ण खोलतात, परत जोडतात, कुठल्या कामाला किती वेळ, किती माणसं, काय हत्यारं लागली ते लिहून घेतात. जागेवर गिअरबॉक्स उतरवता येतो का, अंधारात टॉर्च तोंडात धरून बेल्ट बदलता येतो का, असली कामं.

बदलांचं विचारलंत, थोडक्यात सांगतो. मागे ट्रेलर ओढायचा पिंटल हूक, पुढे-मागे रिकव्हरीचे हूक, जेरीकॅनचे ब्रॅकेट, अँटेनाचा बेस, फावड्या-कुदळीचे क्लॅम्प, चमक नसलेला मॅट रंग, ब्लॅकआऊटचे दिवे. रात्री कॉन्व्हॉय चालतो तेव्हा हेडलाईट बंद असतात, मागच्या गाडीला दिसायला पुढच्या गाडीचा मागचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला गिअरचा गोळा, पांढरा रंगवलेला असतो आणि त्यावर खालच्या बाजूच्या एका बारीक दिव्याचा उजेड पडतो. मागचा ड्रायव्हर फक्त तेवढा पांढरा गोळा बघत चालतो. मला हे सगळ्यात सुंदर काम वाटतं, एक डबा पेंट आणि एक बल्ब, आणि अख्खा कॉन्व्हॉय घाट उतरतो.

वेताळटेकडी

जुना_स्पॅनर काका, फार सुंदर लिहिलंत. मी वाहन चाचणीच्या क्षेत्रात काम करते, संस्थेचं नाव टाकत नाही. वजनाबद्दल एक गोष्ट जोडते कारण आपण सगळे फक्त किती किलो यावर बोलतोय आणि कुठे किलो हा प्रश्न राहतोय.

८०० किलो पेलोड म्हणजे ते वजन फ्लोअरवर, दोन्ही ॲक्सलमध्ये ठरलेल्या प्रमाणात वाटलेलं, असं गृहीत असतं. प्रत्यक्षात काय होतं तर छतावर कॅरिअर, त्यावर नेट आणि तंबू, वर मशीनगनचा माउंट, मागच्या दारावर स्पेअर आणि जेरीकॅन. सगळं वर आणि सगळं मागे. एकूण वजन मर्यादेत असतं पण मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर गेलेला असतो, पुढची चाकं हलकी होतात, स्टीअरिंग सैल लागतं, ब्रेक मारला की पुढच्या चाकांवर भरोसा राहत नाही. आणि गुरुत्वमध्य वर गेला की तिरक्या उतारावर गाडी डोक्यावर भरलेला हंडा घेतलेल्या माणसासारखी चालते. नगरच्या (आता अहिल्यानगर) व्हीआरडीईला, म्हणजे डीआरडीओच्या वाहन संशोधन संस्थेत, जे ट्रॅक आहेत तिथे चढ, साइड स्लोप, पाण्यातून जाणं, खड्ड्यांचा टॉर्चर ट्रॅक, हे सगळं भरलेल्या गाडीनंच बघायला लागतं, रिकाम्या गाडीनं सगळ्याच पास होतात.

अमेरिकेची एम १५१ जीप याचं ठळक उदाहरण. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपनंतरची पिढी, मागे स्विंग ॲक्सलचं स्वतंत्र सस्पेन्शन, राइड छान, पण वेगात जोरात वळवलं की मागचं चाक आत दुमडायचं आणि गाडी उलटायची. इतकी उलटायची की सस्पेन्शन पुढे बदललं, आणि सेवेतून काढल्यावर त्या गाड्या लोकांना रस्त्यावर चालवायला न देता कापून भंगारात द्यायचे.

दुसरं उदाहरण अमेरिकेच्याच लष्कराची हमवी. १९८५ च्या सुमाराला सेवेत आली तेव्हा साधी गाडी अडीच टनांच्या आत होती. इराकमध्ये रस्त्यातल्या स्फोटांमुळे चिलखत चढवलं, चिलखती एम १११४ रिकामी असतानाच चार टनांच्या पुढे गेली. मग इंजिन दमतं, ब्रेक तापतात, बॉल जॉइंट आणि हब लवकर जातात, दार इतकं जड की उलटलेल्या गाडीतून आतल्या माणसाला ते उघडत नाही. शेवटी वेगळी वाहनंच आणायला लागली.

म्हणून माझा आग्रह असा की गाडी निवडतानाच पुढच्या वीस वर्षांची जागा ठेवा. आज ८०० हवेत तर चासी, ॲक्सल, ब्रेक आणि टायरचा लोड इंडेक्स हजार-अकराशेचा हवा. कारण लष्करी गाडीचं वजन वर्षागणिक वाढतच जातं, कमी झाल्याचं मी तरी एकही उदाहरण पाहिलेलं नाही.

संपादक मंडळ

चर्चा उत्तम चालू आहे. एक विनंती, सध्या सेवेत असलेल्यांनी किंवा नातेवाइकांनी कुठल्या युनिटकडे कुठली गाडी, किती, कुठे, हे लिहू नये. वर्तमानपत्रात जाहीर झालेलं तेवढंच.

सिंहगड_पायथा

लडाखला स्वतःची डिझेल गाडी घेऊन गेलोय त्यामुळे उंचीचा अनुभव आहे. साधारण ५५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद घालवतं, म्हणजे खार्दुंगलावर जिप्सीचे ८० बीएचपी कागदावरच राहतात, हातात चाळीसच्या आसपास. स्टॉर्म, स्कॉर्पिओ, गुरखा सगळ्या टर्बो डिझेल, तिथे हा फरक प्रचंड पडतो. मग जिप्सीचं एवढं कौतुक का? आणि लष्करानं एवढी वर्षं पेट्रोल का चालवली?

जुना_स्पॅनर

सिंहगडवाले, प्रश्न बरोबर आहे. पेट्रोल थंडीत पटकन चालू होतं हा पहिला फायदा. उणे पंचवीसला डिझेल घट्ट होतं, फिल्टरमध्ये मेण जमतं, पहाटे गाड्या चालू करणं हाच एक कार्यक्रम असायचा, टाकीखाली स्टोव्ह, बॅटऱ्या रात्री काढून उबेत ठेवायच्या. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये इंडियन ऑइलनं लडाखसाठी हिवाळी डिझेल काढलं, उणे तेहतीसपर्यंत वाहतं राहतं, तेव्हापासून चित्र बदललं. त्याआधी पेट्रोलची छोटी गाडी हाताशी असणं म्हणजे आजारी जवान खाली नेता येण्याची खात्री.

ताकद अर्धी झाली तरी जिप्सीला ओढायचं वजन पण कमी. लो रेंज (जास्त ओढीचा, कमी वेगाचा गिअर) टाकून पहिल्यात चढायची, हळू चढायची पण चढायची.

पण हेही सांगतो की पेट्रोल वेगळं वाहून न्यायला लागतं. ट्रक सगळे डिझेलचे, एका छोट्या गाडीसाठी वेगळी बॅरल, वेगळी साठवण. सगळ्यांना एकच इंधन असणं पुरवठ्याच्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट आहे, त्यामुळे डिझेलवर गेले ते योग्यच झालं असं माझं मत.

वेताळटेकडी

डिझेलवर जाताना एक सावधगिरी. नवीन बीएस ६ डिझेलमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो आणि तो जळून साफ व्हायला गाडी बराच वेळ गरम, सलग चालावी लागते. लष्करी गाडी पोस्टवर तासन्‌तास आयडलिंगला उभी असते, बॅटरी आणि रेडिओसाठी. फिल्टर चोंदतो. ज्या इंजिनांना एडब्लू (धूर साफ करायला लागणारं युरियाचं द्रावण) लागतं त्यांचा आणखी प्रश्न, ते द्रावण उणे ११ ला गोठतं. प्रदूषणाचे नियम पुण्या-मुंबईच्या हवेसाठी हवेतच, मी त्यांच्या बाजूची आहे, पण युद्धभूमीवरच्या गाडीला साधं इंजिन ठेवण्याची मुभा असलीच पाहिजे.

वायरिंगवाली

इलेक्ट्रिकलवर कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, माझं काम तेच आहे. आपण नागरी गाडी घेतो ती १२ व्होल्टची, रेडिओ आणि बरीचशी लष्करी उपकरणं २४ व्होल्टची. म्हणजे एकतर कन्व्हर्टर, नाहीतर दुसरा अल्टरनेटर आणि बॅटऱ्यांची वेगळी जोडी. ब्रिटिश लँडरोव्हरमध्ये रेडिओसाठी वेगळी आवृत्तीच यायची, २४ व्होल्टची, मोठा जनरेटर आणि झाकलेलं इग्निशन. झाकलेलं का तर स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी हा एक छोटा ट्रान्समीटर असतो आणि तो तुमच्याच रेडिओत खरखर करतो.

आजच्या गाडीत तर काय काय आहे बघा, इंजेक्टर, इंधन पंप, वायपरची मोटर, पॉवर विंडो, एलईडीचा ड्रायव्हर, टचस्क्रीन. प्रत्येक जण आपापला गोंधळ हवेत सोडतो. लष्करी व्हीएचएफ रेडिओ साधारण ३० ते ८८ मेगाहर्ट्झमध्ये चालतं आणि नेमक्या त्याच पट्ट्यात हा कचरा भरपूर असतो. परिणाम काय तर इंजिन चालू असताना दूरचं स्टेशन ऐकूच येत नाही, बंद केलं की स्पष्ट. म्हणजे संदेश घ्यायला गाडी बंद करायची, हे चालेल का? उलट बाजूनं पण बघा, गाडीतला शक्तिशाली सेट बोलायला लागला की इंजिनचा ईसीयू, म्हणजे ते चालवणारा छोटा संगणक, गडबडता कामा नये. हे दोन्ही तपासायला शील्डेड चेंबरमध्ये गाडी उभी करून मोजमाप करतात. उपाय कंटाळवाणे आहेत, बॉनेटपासून चासीपर्यंत तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या, फेराइट, हार्नेसचा मार्ग बदलणं, अँटेनाची जागा बदलणं. पण नागरी गाडीची लष्करी गाडी करताना सगळ्यात जास्त डोकं इथे लागतं, रंग आणि हूक लावणं त्या मानानं सोपं.

स्क्रीन आणि कनेक्टिव्हिटी मुळातच काढून टाकावी असं मला वाटतं. स्वतःचं ठिकाण सर्व्हरला कळवणारी कुठलीही वस्तू त्या गाडीत नको.

नगर_रोड

सगळं वाचलं. तुम्ही वजन कमी ठेवा म्हणताय, पण आमच्या घरातला माणूस त्या गाडीत बसतो. कॅनव्हासचं छत आणि पत्र्याचं दार, बाहेरून गोळी आली तर काय अडवणार? मला गाडीचं इंजिन कोणतं याच्याशी घेणं नाही, आतला माणूस घरी यायला पाहिजे. महिंद्राची आर्मॅडो आहे ना, चिलखत आहे, २१५ हॉर्सपॉवर आहे, १००० किलो भार घेते. २०२१ ला १३०० गाड्यांचा करार झाला, १०५६ कोटींचा. मग सगळ्यांना तीच का नाही देत? पैशासाठी माणसं कॅनव्हासमध्ये बसवायची हे मला मान्य नाही.

जुना_स्पॅनर

ताई / दादा, तुमची काळजी पूर्ण समजते आणि ती सगळ्यात आधी यायला पाहिजे होती.

आर्मॅडोसारखी गाडी हवीच, आणि जिथे रोज गोळीचा धोका आहे तिथे कॅनव्हासची गाडी पाठवूच नये. पण चिलखताला पातळी असते. हलक्या चिलखती गाडीचं चिलखत रायफलच्या साध्या गोळीसाठी असतं, रस्त्याखाली पुरलेल्या मोठ्या स्फोटासाठी नाही, त्याला व्ही आकाराच्या तळाची, उंच, दहा-पंधरा टनांची गाडी लागते. सगळ्यात वाईट असते ती अर्धवट गाडी. ब्रिटिशांची स्नॅच लँडरोव्हर बघा, उत्तर आयर्लंडमधल्या दगडफेक आणि लहान शस्त्रांसाठी बनवलेली, तीच इराक-अफगाणिस्तानात नेली आणि स्फोटांत कितीतरी सैनिक गेले. इराक युद्धाच्या चौकशीच्या त्यांच्या २०१६ च्या चिलकॉट अहवालात बदली वाहनं आणायला झालेल्या उशिराबद्दल स्पष्ट ताशेरे आहेत.

आणि अशा जागा आहेत जिथे जड गाडी पोचतच नाही. अरुंद बर्फाळ रस्ता, लाकडी पूल, एक बाजू कोसळलेली. तिथे हलकी गाडी नसेल तर माणूस पायी जातो आणि पाठीवर सगळं नेतो. त्यामुळे एका गाडीत सगळं नको, कामाप्रमाणे वेगवेगळ्या गाड्या हव्यात, आणि कोणती गाडी कुठे पाठवायची याची शिस्त हवी. ती शिस्त मोडली की माणसं जातात.

नगर_रोड

पटलं. "कुठे पाठवायची याची शिस्त" हे मात्र वरच्यांना कोणीतरी ऐकवा. (ताई.)

कर्वेनगर_७७

परदेशातली दोन उदाहरणं टाकतो, निवड चांगली झाली की काय होतं त्याची.

ऑस्ट्रेलियाची पेरेंटी. ऐंशीच्या दशकात त्यांनी लँडरोव्हर ११० घेतली पण इंजिन मूळचं ठेवलं नाही, इसुझूचं ३.९ लिटरचं चार सिलिंडर डिझेल टाकलं जे मुळात ट्रकचं इंजिन होतं, चासी गॅल्व्हनाइज केली म्हणजे गंज नाही, आणि मागे माल ठेवायला जागा व्हावी म्हणून स्पेअर चाक खाली नेलं. साधे, विचार केलेले बदल. त्या गाड्या १९८७ पासून जवळजवळ तीन दशकं चालल्या.

दुसरं अमेरिकेचं इन्फन्ट्री स्क्वाड व्हेईकल, २०२० चा करार, शेव्हरोलेच्या कोलोराडो पिकअपवर बेतलेलं, नव्वद टक्के भाग बाजारातले, नऊ जवान बसतात आणि ना दार ना छत. एवढं चिलखत चढवून झाल्यावर ते परत हलक्या गाडीकडे आले कारण हेलिकॉप्टरखाली लटकवून न्यायची होती. ब्रिटिशांनी हेच साठच्या दशकात केलेलं, वेसेक्स हेलिकॉप्टरला झेपावी म्हणून दारं, छत, मागचे पत्रे पटापट काढता येतील अशी लाइटवेट लँडरोव्हर, लक्ष्य २५०० पौंड म्हणजे साधारण ११३० किलो.

आणि १९८७ ची चाड-लिबियाची लढाई तर टोयोटाच्या नावानंच ओळखली जाते. लिबियाकडे रणगाडे, चाडकडे टोयोटा पिकअप आणि त्यावर रणगाडाविरोधी मिलान क्षेपणास्त्रं. वाळवंटात वेगानं बाजूनं घुसायचे, मारायचे, निघून जायचे.

आकुर्डी_लोकल

कर्वेनगर, हलक्या गाडीवर शस्त्र म्हटलं की आपल्याकडचं पहिलं नाव अब्दुल हमीद यांचं. १० सप्टेंबर १९६५, खेमकरणजवळ असल उत्तर, ४ ग्रेनेडिअर्स, जीपवर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ. ती तोफ स्वतः दोनशे किलोंच्या वर, गोळे आणि माणसं वेगळी, आणि खाली विलीजच्या घडणीची पाव टन भाराची जीप. उसाच्या आणि कापसाच्या उभ्या पिकात लपून जवळून पाकिस्तानचे पॅटन रणगाडे टिपले, जागा बदलली, परत टिपले. परमवीर चक्र मिळालं, मरणोत्तर. जीप एवढी बुटकी होती म्हणूनच पिकात लपली. उंची हा निकष मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवा होता एवढा महत्त्वाचा आहे, आजच्या स्टॉर्म-स्कॉर्पिओ उभ्या पिकात लपणार नाहीत. ड्रोनच्या काळात तर बुटकी, जाळीखाली पटकन झाकता येणारी गाडी आणखी कामाची.

टोयोटावरून आठवलं, २०२३ मध्ये नॉर्दर्न कमांडच्या तांत्रिक समितीनं त्यांची हायलक्स पिकअप पण १३००० फुटांवर तपासली आणि काही गाड्या घेतल्या. मागे मोकळा हौदा असणं मला फार पटतं, त्यावर आज रेडिओ, उद्या क्षेपणास्त्र, परवा स्ट्रेचर.

बावधन_ईव्ही

इलेक्ट्रिकचं काय? आवाज नाही, उष्णता कमी, उंचीवर ताकद जात नाही.

वेताळटेकडी

तिन्ही फायदे खरे आहेत. पण उणे वीसला बॅटरीची रेंज पडते आणि पुढच्या पोस्टवर चार्जिंगला शेवटी डिझेल जनरेटरच लावायचा. २०२२ मध्ये लष्करानं जे जाहीर केलं ते मला योग्य वाटतं, पीस स्टेशनमधल्या (सीमेपासून दूरच्या छावण्यांतल्या) निवडक युनिटमध्ये २५ टक्के हलक्या गाड्या, ३८ टक्के बस आणि ४८ टक्के मोटरसायकली इलेक्ट्रिक. आपल्या कॅम्प आणि खडकीत आरामात जमेल.

खडकी_बाजार

थोडं वेगळं विचारतो. लिलावातली जिप्सी घ्यायची आहे, कोणी घेतली आहे का?

जुना_स्पॅनर

एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात लॉट निघतात. लॉट बघायची तारीख दिलेली असते, त्या दिवशी स्वतः जा, फोटोवर विश्वास नको. चासीचा नंबर नीट वाचता येतो का आणि रिलीजचे कागद सगळे आहेत का ते आधी बघा, त्याशिवाय आरटीओत नागरी नोंदणी होत नाही. पत्रा वाकलेला असला तर चालतो, चासी शॅकलपाशी (लीफ स्प्रिंग जिथे चासीला जोडलेली असते तिथे) आणि बॉडी माउंटपाशी गंजलेली असेल तर सोडून द्या. फोर व्हील टाकून, लो रेंज लागतो का ते ऐका. ऑलिव्ह ग्रीन रंग मात्र बदलायला लागेल, खासगी गाडीला तो चालत नाही.

चऱ्होली_फाटा

शेवटचा प्रश्न. २०१७ ला हार्डटॉप आणि एसी अट होती, मग २०२५ चा करार परत ८०० किलो सॉफ्टटॉपचा का? मागे गेल्यासारखं वाटतं.

जुना_स्पॅनर

मागे नाही, कामं दोन आहेत. एसी आणि हार्डटॉप कमांडच्या गाडीला हवा, नकाशे, सेट, संगणक धूळ आणि गरमीत टिकत नाहीत, राजस्थानात मे महिन्यात बंद डब्यात माणूस पण टिकत नाही. सॉफ्टटॉप लढणाऱ्याला हवा. शस्त्र माउंट करता येतं, चारी बाजूला दिसतं, मुख्य म्हणजे ऐकू येतं, आणि गोळीबार झाला की दार न उघडता चौघं चार बाजूंनी उडी मारतात. कॅनव्हास काढला की उंची कमी, वजन कमी, वरचं वजन तर सगळंच कमी, वेताळटेकडीताईंचा मुद्दा. मंत्रालयाच्या निवेदनातच ८०० किलोचा भार असं म्हटलंय.

गुरखाला पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियल लॉक (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ओढ देणारे) कंपनीतूनच येतात, हवा ओढायची स्नॉर्कल येते, ते नंतर बसवायचं काम वाचलं. आता माझं लक्ष एकाच गोष्टीकडे आहे, गाड्यांबरोबर पार्टचा पहिला लॉट आणि मेकॅनिकांचं ट्रेनिंग वेळेवर पोचतं का. गाड्या युनिटला लागल्या की आमच्या जुन्या पोरांकडून कळेलच, जाहीर करण्यासारखं असेल ते इथे टाकीन.